केल्याची सही

देवाने माणसाला हात दिले आणि हातांना सवय दिली. डोकं भलतीकडे असलं तरी हात आपलं काम उरकून मोकळे होतात. शिंपी गप्पा मारता मारता सुईत दोरा ओवतो, कुंभार जावयाची गाऱ्हाणी सांगत सांगत मडक्याला गळा देतो. तसंच नर्सचं. काम झालं की तिचा हात कागदाच्या कडेला जातो, वेळ टाकतो आणि सही करतो. एवढ्याशा गोष्टीवरून केवढं रामायण घडलं, ते ऐका.

कॉलेजच्या बोर्डावर तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला होता. ड्यूटी संपवून धावत आलेल्या सिस्टर एकमेकींच्या खांद्यावरून माना उंचावून बघत होत्या. कुणाच्या बुटांना अजून फिनाईलचा वास, कुणाच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ डोकावतंय. सगळ्या नोकरदार. डिप्लोमा करून वॉर्डात लागल्या, तिथेच लग्नं झाली, लेकुरवाळ्या झाल्या, चष्मे लागले, आणि आता पदवीसाठी पुन्हा बाकावर येऊन बसल्या होत्या.

त्यांच्यात वयाने मोठी म्हणून जिला सगळ्या थोरली म्हणत, ती पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातली. तिने आपला क्रमांक शोधला. सापडला. त्याच्यापुढे ना पास, ना नापास. पुढे लिहिलं होतं: राखून ठेवला.

"राखून ठेवला म्हणजे काय गं?" तिने शेजारी विचारलं.

"म्हणजे चांगला आला असणार," मुलांच्या वॉर्डातली बडबडी म्हणाली. तिला बोलायला विषय लागत नसे, श्वास घ्यायला सवड तेवढी लागे. "लग्नात खास पाहुण्यांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवतात ना, तसं. जा, विचारून ये ऑफिसात. पेढ्यांचं नंतर बघू."

ऑफिसातल्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला वाटलं आपल्या घरचं कुणी दगावलं. मग त्याने एका फायलीतून तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत काढून तिच्यापुढे सरकवली.

"ही तुमची सही?"

"माझीच."

"आणि ही?"

"तीही माझीच. ही पण. ही पण." पानं उलटता उलटता थोरलीला हसू फुटलं. प्रत्येक उत्तर संपलं तिथे, उजव्या कोपऱ्यात, तिची ठसठशीत सही होती. बाजूला वेळ. एका ठिकाणी शब्द चुकला होता, तो तिने वॉर्डातल्या रीतीने एकाच आडव्या रेषेने खोडला होता, म्हणजे खालचं वाचता यावं; आणि खोडल्याच्या शेजारी पुन्हा सही. "अगं बाई! मी काय पेपर लिहीत होते की चार्ट?"

"हसताय काय, सिस्टर? उत्तरपत्रिकेवर नाव, सही, खूण, काहीही चालत नाही. पहिल्याच पानावर छापलंय. पेपर तपासणाऱ्याला कळता कामा नये कुणाचा आहे ते. हा गैरप्रकार होतो. परीक्षकावर प्रभाव टाकायचा प्रयत्न. समितीपुढे जावं लागेल."

थोरलीचं हसू तिथल्या तिथे वाळलं.

आता नियम काही वाईट नव्हता. कुणाचा पेपर आहे ते कळलं, तर कुणी लाडकी होते, कुणी नावडती होते. तो पडदा हवाच, हे तिलाही पटत होतं. पण ज्या बाईने सगळं आयुष्य पडद्याविना काढलं, तिच्या हाताला हे कोण सांगणार? वॉर्डात गोळी दिली, सही. ड्रेसिंग बदललं, सही. सलाईन लावलं, काढलं, सही, सही. माणूस बरा होऊन घरी गेला तरी सही, आणि गेला तो कायमचा गेला, तरी डोळे पुसायच्या आधी सही. सही म्हणजे तरी काय हो? मी इथे होते, हे मी केलं, उद्या काही विचारायचं असेल तर मला विचारा. बस, एवढंच. परीक्षेच्या हॉलमध्ये तिने उत्तर लिहिलं, उत्तर संपलं, आणि हाताने आपला धर्म पाळला.

पण गैरप्रकाराचा शिक्का म्हणजे शिक्का. तो बसला की कॉलेजातून नाव कमी, आणि कॉलेजातून नाव कमी झालं की इस्पितळाची शिकायची परवानगी रद्द. ती परवानगी एकदाच मिळते, तीही ठरावीक वयाच्या आत. थोरलीला ती अगदी काठावर मिळाली होती. दुसरा अर्ज करायचं वय उलटून गेलं होतं. हे दार बंद झालं की बंदच.

आणि दाराच्या आत तिला काय दिसलं होतं, ते तिलाच ठाऊक. इन्चार्जची खुर्ची पदवीशिवाय मिळत नाही, असा नवा नियम झाला म्हणून ती आली होती, हे खरं; पण खुर्ची पहिल्या वर्षातच मागे पडली. डिप्लोमाने तिला कसं करायचं ते शिकवलं होतं, का करायचं ते राहून गेलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलायची, हे तिला झोपेतही जमायचं. पण वर्गात शिकवायला येणाऱ्या कोवळ्या बाईंनी, वयाने तिच्या भाचीएवढ्या, फळ्यावर कातडीखालच्या केसासारख्या रक्तवाहिन्या काढल्या आणि हाडाखाली त्या कशा चेपतात, कशा गुदमरतात, ते दाखवलं, तेव्हा थोरलीच्या अंगावर काटा आला होता. जन्मभर ज्याच्यापुढे हात जोडत आलो, त्याचा चेहरा आज दिसला, असं तिला झालं. त्या दिवशी तिने वहीत काही उतरवून घेतलं नाही. नुसती बघत राहिली.

ऑफिसातून बाहेर आली तर पायरीशी बडबडी उभी. पण तोंड बंद. ते पाहूनच थोरली घाबरली.

"काय झालं तुला?"

बडबडीने तिला हाताला धरून सायकली लावायच्या शेडमागे नेलं. "खिडकीतून ऐकलं मी तुझं. थोरले, अगं, मी पण केल्यात."

"काय केल्यास?"

"सह्या! मला आत्ता आठवलं. बालरोगच्या पेपरात तर नक्की. प्रत्येक उत्तराखाली. आणि माझ्यामागच्या दोघींनी सुद्धा. आमचा गठ्ठा दुसऱ्या परीक्षकाकडे गेला, त्याचं लक्ष गेलं नसेल, नाहीतर त्याला दया आली असेल. मी येते तुझ्याबरोबर समितीपुढे. सांगते, साहेब, ही सवय आहे, आमच्या हाडात आहे, बघा माझाही पेपर!"

"खबरदार."

"अगं पण तू सुटशील!"

"आणि तू अडकशील. तुझं लेकरू अजून अंगावर पितंय. तू आयुष्यात एकच काम कर माझ्यासाठी. तोंड मिटून बस."

"हे म्हणजे तू मला फाशीच दिलीस," बडबडी रडवेलं हसत म्हणाली.

थोरली घरी पोचली तेव्हा नवरा शिलाईच्या मशीनवर वाकला होता. घराचा पुढचा खोलीभर भाग म्हणजे त्याचं दुकान. आतल्या खोलीच्या दाराशी सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या. सून पदवीला जायला लागल्यापासून त्यांना नवा खेळ मिळाला होता.

"आल्या का शाळेतून? दप्तर नीट ठेवा. बाईंनी छडी मारली की काय आज, तोंड असं का उतरलंय?"

थोरलीने बॅग खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. सासूबाईंचा हात जपमाळेवर थांबला. नवऱ्याने मशीन थांबवलं नाही, पण शिवण वाकडी गेली.

"समितीवाले काय म्हणणार?" त्याने विचारलं.

"कारकून सांगत होता. एक जबाब छापील असतो. त्याच्यावर सही करायची, माफी मागायची. पहिलीच वेळ असेल तर नाव कमी करत नाहीत, एक वर्ष मागे बसवतात."

"मग कर की. अगं, कापड फाटलंय ना? आतल्या बाजूने एक टाका घालायचा. वरून कुणाला दिसतोय?"

"मला दिसेल."

"तुला तर सगळंच दिसतं. माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं सोडून."

"तुम्ही शिंपी. तुमच्या शर्टाचं बटण मी का लावू?"

आतून सासूबाईंचा आवाज आला. "त्या जबाबात लिहिलंय काय?"

"की मी परीक्षकाला ओळख दाखवायला मुद्दाम सह्या केल्या."

"केल्यास?"

"नाही, आई."

"मग?" सासूबाईंनी माळेचा मणी पुढे ढकलला. "देवाला सही लागत नाही, त्याला वरून दिसतं. माणसांना लागते, कारण माणसं विसरतात. खोट्याखाली सही करून ठेवलीस, तर माणसं खरं विसरतील आणि खोटं लक्षात ठेवतील. वरचा हसेल तुला." मग थोडं थांबून, नेहमीच्या सुरात, "या वयात शाळेत जायचं खूळ घेतलंस तेव्हाच म्हटलं होतं. पण घेतलंस ना? आता पळ काढू नकोस."

नवऱ्याने मशीन बंद केलं. वाकडी गेलेली शिवण डोळ्यांजवळ नेली आणि ब्लेडने उसवायला घेतली. "हे बघ, उसवून पुन्हा शिवायला वेळ लागतो."

"लागू दे."

समिती बसली ती प्राचार्यांच्या खोलीत. मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली जुन्या पदवीदानांचे फोटो. मधोमध समितीचे अध्यक्ष, मऊ आवाजाचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ, शेजारी प्राचार्यबाई, कोपऱ्यात फाईल घेऊन कारकून. थोरली गणवेशातच आली होती, दुपारची ड्यूटी होती.

"बसा, सिस्टर," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं वय बघता, सेवा बघता, आम्हाला हे वाढवायचं नाही. हा जबाब आहे. वाचा, खाली सही करा. एक वर्ष मागे बसाल, पुढे सगळं सुरळीत."

थोरलीने कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. वॉर्डात कुणाचंही इंजेक्शन ती बाटलीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय भरत नसे, तशीच वाचत होती.

"साहेब, इथे लिहिलंय, 'परीक्षकावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने'."

"ती ठरलेली भाषा आहे."

"माझा हेतू तसा नव्हता."

"अहो, ते प्रत्येकाच्या जबाबात असतंच. छापीलच आहे ते."

"छापील असलं म्हणून खरं होत नाही ना, साहेब. माझी चूक झाली. नियम छापलेला होता, मी वाचला होता, तरी हात गेला. पेपर रद्द करा, शून्य द्या, मी पुन्हा बसेन. ते मी माझ्या हाताने लिहून देते, आत्ता. पण हे वाक्य माझं नाही."

प्राचार्यबाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "सिस्टर, जरा समजून घ्या. इतकी वर्षं या कॉलेजातून नर्स शिकून गेल्या. सह्या करायची सवय सगळ्यांनाच असेल, मग पेपरवर तुम्हीच कशा केल्यात? की आणखी कुणी केल्यात? असतील तर सांगा. म्हणजे तुमचं म्हणणं आम्हाला मानता येईल."

वर पंखा कुरकुरत होता. थोरलीच्या जिभेवर बडबडीचं नाव येऊन बसलं. एवढंच उच्चारलं की ती मोकळी. तिने ते गिळलं.

"चौकशी माझ्या पेपरची आहे, बाई. मलाच विचारा."

"म्हणजे इतर कुणी नाही, असंच धरायचं?"

"तुम्ही काय धरायचं ते मी कसं सांगू? मी काय केलं तेवढं मी सांगते."

अध्यक्षांनी आवाज आणखी मऊ केला. "हट्ट सोडा. दिवसाला कितीदा तरी सही करता तुम्ही. ही आणखी एक."

थोरली उभी राहिली. आवाज चढला नाही, पण खुर्ची मागे सरकली ती सरकलीच.

"साहेब, मी पोरसवदा असताना आमच्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरांनी मला एकच गोष्ट शिकवली. जे औषध तू दिलं नाहीस, त्याच्यापुढे सही करायची नाही. मेट्रन सांगो, डॉक्टर सांगो, घड्याळ सांगो. केलंस त्याची सही, न केलेल्याची नाही. त्या सवयीने मी तुमच्या पेपरवर सह्या केल्या, आणि त्याच सवयीने या कागदावर करणार नाही. तुम्हाला माझा एकच हात मिळेल, दोन वेगवेगळे नाही."

ती नमस्कार करून बाहेर पडली. दाराबाहेर आल्यावर मात्र भिंतीला टेकून तिने मनातल्या मनात देवाला विचारलं, "जरा जास्तच बोलले का रे?" तो नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. तिने ते संमतीत धरलं.

चौथ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले. थोरली आपल्या जागेवर जाऊन बसली. कोवळ्या बाई हजेरी घ्यायला लागल्या. वीस झाला, आणि त्यांची नजर कागदावरून खाली सरकली.

"बावीस."

"एकवीस, हजर," थोरली म्हणाली.

बाईंचा चेहरा लाल झाला. "सिस्टर, मला ऑफिसने सांगितलंय... तुमचा निकाल राखून आहे, म्हणून नाव..."

"तुम्ही घेऊ नका, बाई. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. मी फक्त सांगतेय, मी आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. वीस, मग एक बारीकशी ठेच, मग "एकवीस, हजर," मग बावीस. शिपाई निरोप घेऊन आला, की थोरलीबाईंनी निकाल लागेपर्यंत वर्गात बसू नये. थोरलीने त्याला विचारलं, "नाव कमी केल्याचा कागद आहे?" नव्हता. "मग तो आला की उठते. तोवर तू सुद्धा बस थोडा, आज मूत्रपिंड आहे, ऐकण्यासारखं असतं." शिपाई खरंच दाराशी थोडा वेळ रेंगाळला.

इकडे ऑफिसात वेगळीच गंमत झाली होती. उमेदवाराच्या सहीचा जबाब फायलीला लागल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही, आणि प्रकरण बंद झाल्याशिवाय त्या विषयाच्या गुणपत्रिका सुटत नाहीत, असा नियम होता. उमेदवार सही करायला नकार देईल, हे नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ज्या सहीने गुन्हा झाला, तिच्याचसाठी आता सगळं कॉलेज खोळंबून बसलं.

शेवटी कारकून कागद घेऊन वॉर्डात आला. थोरली ट्रॉली घेऊन खाटेखाटेने औषधं देत होती. तो मागून मागून.

"सिस्टर, एक सही. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी रक्त देईन. हे नाही. जरा बाजूला व्हा, तुमचा पाय नळीवर पडेल."

खिडकीजवळच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. ते म्हणाले, "अहो सिस्टर, करून टाका की. बिचारा चढून आलाय वर."

समोरच्या खाटेवरच्या पेंटरने, ज्याचा पाय वर टांगलेला होता, मान वळवली. "मुळीच करू नका. मी एका कंत्राटदाराच्या कागदावर न वाचता सही केली, अजून पस्तावतोय."

"तुला विचारलं का कुणी?" आजोबा.

"तुम्हाला तरी कुणी विचारलं?"

"शांत व्हा दोघंही," थोरली म्हणाली, "नाहीतर दोघांनाही एनिमा देईन आणि त्याचीही सही करेन."

वॉर्ड हसला. कारकूनही हसला, पण जाताना खिन्न झाला. "मला तुमचं पटतं, सिस्टर. पण गुणपत्रिका अडकल्यात. तुमच्या वर्गातल्याच ओरडतायत."

ते खरं होतं. पुढच्याच दिवशी तास सुरू असताना मागच्या बाकावरून एकजण कुजबुजली, आणि ऐकू जावं अशीच कुजबुजली, "एकीच्या हट्टापायी आमची बढती अडकलीय. केलीच ना तिने चूक? मग माफी मागायला काय झालं?"

थोरलीला हे लागलं. समितीत लागलं नव्हतं एवढं. तिने मान खाली घातली. त्या बाईचं घर त्या बढतीवर अवलंबून होतं. आपलं खरं दुसऱ्याला महाग पडतंय, हे तिला रोज दिसत होतं आणि रोज तिला वाटत होतं, उद्या करून टाकू सही.

आणि तेवढ्यात, इतके दिवस दातांवर दात दाबून बसलेली बडबडी उसळली.

"एकीच्या हट्टापायी? तिच्या एकीच्या? अगं, तू माझ्या पुढच्याच बाकावर होतीस, मी बघितलंय तुला! आपण सगळ्यांनीच केल्यात सह्या! मी केल्यात, तू केल्यास, हिने केल्यात, तिने तर वर 'तपासले' असं सुद्धा लिहिलं! ती एकटी सापडली, आणि तिने आपल्यातल्या एकीचंही नाव..."

बडबडीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. फार उशीर झाला होता. फळ्याशी कोवळ्या बाई खडू हातात धरून उभ्या होत्या.

बाईंनी हळूच खडू खाली ठेवला. खिडकीशी गेल्या. उघडी खिडकी आणखी थोडी उघडली. मग वळून म्हणाल्या, "या रस्त्यावर गाड्यांचा आवाज किती हो. कुणी काही बोललं का? मला अजिबात ऐकू आलं नाही."

सगळ्या वर्गाने नकारार्थी माना हलवल्या.

"छान. तर आपण कुठे होतो?"

तास संपल्यावर मागच्या बाकावरची ती थोरलीजवळ आली. डोळे पाणावलेले, पण सूर भांडणाचाच. "आधी सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तुला झोप लागली असती?"

"आता लागणार आहे होय?" ती म्हणाली, आणि तिने थोरलीची बॅग उचलून पायऱ्यांपर्यंत आणली. "हे बघ. बढती थांबली तर थांबली. तू त्या कागदावर सही केलीस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

एकेक करून सगळ्यांनी तेच सांगितलं, कुणी हसून, कुणी चिडून. ऑफिसात जाऊन गुणपत्रिकांसाठी ओरडणाऱ्या मात्र आता आणखी जोरात ओरडायला लागल्या. पण आता थोरलीवर नाही, कारकुनावर, प्राचार्यांवर, नियमावर. रोज ड्यूटी संपली की गणवेशातल्या बायकांचा एक थवा ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभा राही. "आमच्या गुणपत्रिका?" "सिस्टरांची सही झाली नाही." "मग सही होईल असा कागद करा की. एवढं शिकलेले तुम्ही, एक खरं वाक्य लिहिता येत नाही?"

कॉलेजला दुसरा मार्ग उरला नाही. एका सकाळी प्राचार्यबाईंनी थोरलीला बोलावलं. अध्यक्ष नव्हते, त्यांनी फोनवरूनच मान हलवली असावी. टेबलावर नवा कागद होता, छापील नव्हे, टाईप केलेला. उमेदवाराने सवयीने, कोणत्याही गैरहेतूशिवाय, उत्तरपत्रिकेवर सह्या केल्या. सदर पेपर रद्द. शून्य गुण. पुढच्या परीक्षेत तो विषय पुन्हा द्यावा. चौथ्या वर्षाला बसण्यास हरकत नाही.

थोरलीने तीनदा वाचलं.

"यात काही चुकलंय का?" प्राचार्यबाईंनी विचारलं. आवाजात राग होता, आणि रागाच्या तळाशी कुठेतरी दुसरंही काही होतं.

"नाही, बाई. शून्य बरोबर आहे."

"एवढ्यासाठी एवढं सगळं केलंत? शून्यासाठी?"

"माझंच आहे ना ते," थोरली म्हणाली आणि पेन काढलं.

घरी नवऱ्याने विचारलं, मग जिंकलीस की हरलीस? ती म्हणाली, पेपर पुन्हा द्यायचाय, आता गप्प बसा आणि अभ्यास करू द्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "नापास झाली तरी तोरा बघा!" पण त्या दिवशी माळ जपताना त्या मोठ्याने जपत होत्या, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या बाई नवी यादी घेऊन वर्गात आल्या. वर्ग नेहमीपेक्षा सरळ बसला होता. बाईंनी घसा साफ केला. अठरा, एकोणीस, वीस. मग त्या थांबल्या, मान वर केली, चांगलं भरभरून हसल्या आणि म्हणायला तोंड उघडलं,

"एक..."

"हजर!" थोरली केव्हाच म्हणून मोकळी झाली होती.

वर्ग खदखदला. बडबडी बाकावर हात आपटत होती. बाईंनी कागदाने तोंड झाकलं, मग कशाबशा म्हणाल्या, "अहो सिस्टर, मला नंबर तरी पुकारू द्या की!"

"इतके दिवस वाट बघितली नाही, बाई," थोरली वही उघडत म्हणाली, "आता कशाला बघू? चला, शिकवा."